कदम गुरुजींच्या गाडीचा कच्चा रंग

पुण्याची एसटी वडवणीच्या स्टँडवर लागली तेव्हा मला पोचवायला तीन माणसं आली होती. आई, दादा आणि रशीदचाचा. दादा म्हणजे माझे वडील. मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून आले होते, त्यामुळे त्यांचं निम्मं लक्ष माझ्याकडे आणि निम्मं डोंगराकडे होतं. आई माझ्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती, चौथ्यांदा. आणि रशीदचाचा, ज्यांच्या गॅरेजात मी गाड्या रंगवायला शिकलो, ते लांब रसवंतीच्या सावलीत असे उभे होते की वाटावं, हे दुसऱ्याच कुणाला पोचवायला आलेत. कंडक्टरनं डबल बेल दिली तसे ते खिडकीपाशी आले, फडक्यात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाले, "तिकडं रंगाला घाई करू नको बे." दादांनी मात्र निरोपाचं एकच वाक्य आधीपासून तयार ठेवलं होतं. "जितराब इकलं तरी चार दिस जुन्या दावणीकडं बघत ऱ्हातं. तू तर माणूस हायस."

पुडक्यात लोकरीचे दोन पॅड होते, चाचांनी स्वतः शिवलेले. लोकर आमच्याच मेंढरांची. मोठ्या मेंढराची लोकर राठ असते, ती घोंगडीला चांगली, पण गाडीच्या रंगावर फिरवली तर मांजरानं ओरबाडल्यासारखे चरे पडतात. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, जिला आम्ही जावळ म्हणतो, ती मऊ. बाजारात तयार पॅड मिळायला लागले तरी चाचा जावळच वापरायचे. दादा त्यांना लोकर द्यायला जायचे, त्यांच्यामागे मी जायचो, आणि असा जाता जाता एक दिवस तिथंच राहिलो. आमच्या सात पिढ्यांत कुणी कुंचला हातात धरला नव्हता. दादा चेष्टेनं म्हणायचे, मेंढराला खूण करायला लाल रंग लावतो तेवढी आमची पेंटिंग.

पुण्यात मी वाकडला एका डिटेलिंग स्टुडिओत लागलो. गॅरेजला स्टुडिओ म्हणतात हे मला तिथं कळलं. पॉलिश मारणं याला पेंट करेक्शन म्हणतात आणि गिऱ्हाइकाला क्लायंट. फरशी अशी स्वच्छ की पहिला आठवडाभर मी चप्पल दाराबाहेर काढत होतो आणि सगळे हसत होते. एका भिंतीवर पॅड टांगलेले, कंपनीगणिक वेगळ्या रंगांचे. लोकरीचे, मायक्रोफायबरचे, फोमचे. फोममध्ये पुन्हा कडक, मध्यम, मऊ. खाली कंपाउंडच्या बाटल्यांची रांग. जाडं कंपाउंड रंग कापतं, मधलं कापल्याच्या खुणा काढतं, बारीक नुसती चमक आणतं. कुठल्या रंगावर कुठला पॅड, त्यावर कुठलं कंपाउंड, मशीनचा वेग किती, हे सगळं कळायला मला वर्ष लागलं. पण कळलं तेव्हा असं कळलं की सुपरवायझर अवघड गाडी आली की म्हणायचा, दत्ताला द्या.

खरं सांगायचं तर तिथं नवीन काहीच नव्हतं. चाचांनी हे सगळं मला एका वाक्यात शिकवलं होतं. "आदी मऊ हात लावून बघ. मऊनं भागलं तर कडक कावून?" स्टुडिओत हेच इंग्रजीत छापून भिंतीवर लावलेलं होतं. फरक एकच. वडवणीत रंग उघड्यावर वाळायचा, आणि पुण्यात बूथ होता. बूथ म्हणजे मोठी भट्टीच. रंग मारलेली गाडी आत ढकलायची, दार लावायचं, उष्णता सुरू करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग टणक. दुपारी बिनधास्त मशीन फिरवा, संध्याकाळी गाडी क्लायंटच्या दारात.

चाचांकडे कसला आला बूथ. पत्र्याची शेड, खाली धूळ उडू नये म्हणून शिंपडलेलं पाणी, आणि वाळवायला ऊन. उन्हाळ्यात आठ दिवस, थंडीत पंधरा. गिऱ्हाईक कितीही चिडू दे, चाचा रोज सकाळी रंगवलेल्या गाडीपाशी जायचे, बॉनेटला नाक जवळजवळ टेकवायचे आणि वास घ्यायचे. थिनरचा वास आला की मान हलवायचे. "वास हाय तवर रंग कच्चा. आतलं वारं भाईर पडू दे." मग दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याचं नख दाबून बघायचे. खूण उठली नाही तरच पॅड हातात घ्यायचे. स्टुडिओतल्या पोरांना मी हे सांगितलं होतं आणि आम्ही सगळे मिळून हसलो होतो. मी जरा जास्तच हसलो होतो.

तीन वर्षांनी, ऐन थंडीत, मी आठ दिवसांच्या रजेवर गावी आलो. सोबत माझं स्वतःचं मशीन, पॅडचा डबा आणि चार बाटल्या. आईला साडी आणली होती, ती तिनं हातातही घेतली नाही, आधी मशीनची पेटी उघडून दाखव म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मी ती पेटी घेऊन चाचांच्या शेडवर गेलो. दाखवायचंच होतं ना.

शेडमध्ये कदम गुरुजींची गाडी उभी होती. गुरुजी म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मला चौथीला होते. आयुष्यभर सायकलवर शाळेत गेले आणि साठी उलटल्यावर गाडी शिकले. जुनी गाडी घेतली आणि चाचांना म्हणाले, रशीद, हिला काळी कर, नव्यासारखी काळी. चाचांची आणि त्यांची तीस वर्षांची दोस्ती. संध्याकाळचा चहा दोघांचा शेडसमोरच्या बाकड्यावर व्हायचा, सोपानच्या टपरीतून. काळा रंग हा सगळ्यांत वाईट. पांढऱ्यावर चूक झाकते, काळ्यावर केस पडला तरी दिसतो. चाचांनी तो असा मारला होता की त्यात कुठं लाट नव्हती, कुठं ओघळ नव्हता. रंग मारून तीन दिवस झाले होते आणि आभाळ ढगाळ होतं.

त्याच दुपारी माजलगावहून फोन आला, चाचांची मावशी वारली. ते मय्यतीला निघाले. जाताना मला म्हणाले, "रविवारी येतो. शेड बघ. गुरुजीच्या गाडीला हात लावू नको, आजून आठ-दहा दिस हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले. त्यांच्या लेकीचं सासर युसूफ वडगावला, तिथं रविवारी नातवाचं बारसं होतं. गाडी झाली असती तर स्वतःच्या गाडीतून गेलो असतो, म्हणाले. मागितलं नाही काही. नुसते गाडीभोवती एक फेरी मारून निघाले होते. सायकलवरच आले होते. मीच हाक मारली. "गुरुजी, उद्या संध्याकाळी या. गाडी घेऊन जा."

का म्हणालो? बारशासाठी, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला चाचांना दाखवायचं होतं की पंधरा दिवसांचं काम मी एका दिवसात करतो. गुरुजींचं बारसं नुसतं निमित्त होतं.

मी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा बारीक कागद, घेऊन रंगात बसलेले धुळीचे कण घासले. मग मशीनला लोकरीचा पॅड लावला, चाचांचा जावळाचा नव्हे, पुण्याहून आणलेला कडक, कापणारा. त्यावर जाडं कंपाउंड. मऊ फोमनं सुरुवात करायची हे माहीत असून केली नाही, कारण मऊनं वेळ लागतो आणि टपरीपाशी चार माणसं बघत उभी होती. मशीन सुरू केलं आणि रंग उजळत गेला. माणसांचे आवाज ऐकू येत होते, आयला, आरसा केला की दत्त्यानं. बॉनेटच्या कडेला मशीन जरा जास्त टेकलं आणि बोटभर जागेतला रंग उडाला, खालचं करडं अस्तर दिसलं. तेवढी जागा काळा रंग लावून झाकली. शेवटी सगळ्यावर सीलंट चढवलं, म्हणजे चमक टिकवणारा पातळ थर. त्याला सुंदर वास होता, फळासारखा. बॉनेटला नाक लावलं असतं तरी तोच वास आला असता, पण मी नाक लावलंच नाही.

संध्याकाळी गुरुजी आले. दाराच्या काळ्या पत्र्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी टोपी काढली, केस सारखे केले आणि पुन्हा घातली. माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणाइतका आनंद मला पुण्यातल्या कुठल्याही क्लायंटनं दिला नाही, आणि म्हणून तो क्षण आठवला की आजही जीव कासावीस होतो.

रविवारी चाचा परत आले. गाडी नव्हती. मी सगळं सांगितलं, जरा ऐटीतच. त्यांनी एकच विचारलं.

"वास घेतलता?"

"घेतला की. काहीच नव्हता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड धुवायला गेले. मी दोन दिवसांनी पुण्याला परतलो.

पुढचं मला सोपाननं फोनवर सांगितलं. तीन आठवड्यांत त्या रंगाची चमक उतरली. आतलं वारं बाहेर पडायचं होतं आणि मी वर सीलंटचं झाकण लावलं होतं. बॉनेटवर घामोळ्यासारखे बारीक फोड आले. वॉटर पेपरच्या घासल्याच्या रेघा वर आल्या. कडेची झाकलेली जागा पोपडा होऊन पडली. गुरुजींनी ती गाडी ऐन बाजाराच्या दिवशी शेडसमोर आणून उभी केली. गुरुजी कधी आवाज चढवणारे नव्हेत, पण त्या दिवशी चढवला. "रशीद, ही काय माझी थट्टा केलीस? डोळे फुटले होते का तुझे?" बाजाराची माणसं जमली. पोराच्या हातून झालं असेल, असं सोपानच बोलला म्हणे. तर चाचा म्हणाले, "न्हाई न्हाई. पोरानं फकस्त धुतली. गाडी द्यायच्या आदल्या राती मी येऊन गेलतो, हात माझाच. डोळ्याला आता दिसत न्हाई गुरुजी, कुणाला सांगितलं नवतं."

मी फोन कानाला धरून स्टुडिओच्या पार्किंगमध्ये उभा होतो. सोपान विचारत होता, "खरं काय रे दत्ता, मशीन तर तूच चालवत होतास ना?" मी म्हणालो, "शेवटचा हात चाचांनी मारला, रात्री येऊन." हे वाक्य मी उच्चारलं आहे. कुणी बोलायला लावलं नाही. ते सहज आलं.

मग मी चाचांना फोन केला. असं का सांगितलं विचारलं, तर उलट मलाच ओरडले. "मंग काय सांगू बे? आपल्या तालुक्याची इतकी पोरं पुण्यात हायत. हितं तुझं नाव खराब झालं तर आठ दिसांत तिकडं पोचतंय. आन् शागिर्दाचा हात चुकला तर तो उस्तादाचाच हात असतो. आमच्यात तसंच हाय." रंगाऱ्यांमध्ये खरंच तसं आहे. ज्यानं हात धरून शिकवलं, चूक त्याच्या नावावर. पण त्या रीतीची दुसरी बाजूही आहे. शागिर्दानं उस्तादासमोर खरं बोलायचं असतं. ती बाजू मी पाळली नव्हती, आणि चाचांनी ती काढलीही नाही.

रंगाऱ्याचे डोळे गेले असं गावात झालं की त्याच्याकडे कोण गाडी देणार? आधी काळ्या गाड्या बंद झाल्या, मग सगळ्याच. ट्रॉल्या आणि पाण्याच्या टाक्या रंगवायला यायच्या, त्यांना डोळे लागत नाहीत असं लोकांना वाटतं. मी त्या दोन वर्षांत गावी तीनदा गेलो. तिन्ही वेळा स्टँडवरून मागच्या बोळानं घरी. आईनं एकदा विचारलं, "रशीदभाईकडं जाऊन आलास का?" मी म्हणालो, वेळ नाही. गावात तीन दिवस होतो आणि वेळ नव्हता. दादा चिलीम झाडत राहिले.

गेल्या दिवाळीत मात्र ठरवून गेलो. पुण्याहून निघताना गुरुजींना काय सांगायचं ते मनात शंभरदा म्हणून बघितलं होतं. संध्याकाळी शेडवर पोचलो तर बाकड्यावर दोघं बसलेले. म्हणजे दोस्ती तुटली नव्हती. गुरुजी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होते, वर्गात धडा वाचावा तसं, स्वल्पविरामाला थांबून. चाचा जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावून, डोळे मिटून ऐकत होते. बाजूला त्या गाडीचं फोड आलेलं बॉनेट संध्याकाळच्या उन्हात दिसत होतं. मी पाया पडलो. गुरुजींनी कोण, दत्ता का, म्हणून बसायला जागा दिली आणि उरलेली बातमी पूर्ण केली.

ते गेल्यावर चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझ्या शर्टाच्या शिवणीला लोंबणारा एक धागा चिमटीत धरून तोडला. अंधारून आलं होतं. त्या उजेडात मलाही तो दिसला नसता.

"चष्मा?" मी विचारलं.

"आठवडी बाजारातला हाय. नंबर-बिंबर न्हाई. नुसती काच." ते हसले. "गुरुजीला कळलं डोळे गेले, तर चार दिस रागावला आन् पाचव्या दिसाला पेपर घिऊन आला. म्हनला, तुझी नजर गेली आन् मी सगळ्यांदेखत ओरडलो, चुकलं माझं. तवापासून रोज येतो. घरी त्याच्या आता बोलाया कुणी न्हाई, बायको गेली त्याची. हितं तासभर वाचतो, बरं वाटतं त्याला." मग म्हणाले, "मला बी."

मी म्हणालो, मी उद्या गुरुजींना खरं सांगणार. चाचांचं हसू गेलं. ते इतक्या वर्षांत माझ्याशी कधी असे बोलले नव्हते.

"कशापायी? तुला हलकं वाटावं म्हणून? धंदा गेला तो गेला, मी कवाच सोडून दिला. लोक म्हनत्यात रशीदचे डोळे गेले. म्हनू दे, मानसाचे डोळे जात्यात. पर रशीद खोटं बोलला असं आजून कुणी म्हनलं न्हाई. आन् तू सांगितलंस तर पयल्यांदा गुरुजी म्हनंल. दोन वर्षं त्यो मला आंधळा समजून वाचून दाखवायलाय. काय तोंड दाखवू? तू बसशील एसटीत. मला हितंच ऱ्हायचंय."

मी बरं म्हणालो. शपथ घे म्हणाले, तर तीही घेतली, आईची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गेलो. काही बोलायचं नव्हतं, नुसतं बॉनेट नीट करून द्यायचं होतं. मी गुरुजींना म्हणालो, गाडी चार दिवस माझ्याकडे द्या, वरचा सगळा थर उतरवून पुन्हा रंगवतो, पंधरा दिवसांनी मऊ पॅडनं हात मारायला स्वतः येतो, पैसे नकोत. गुरुजींचे डोळे भरून आले. बाकड्यावर, टपरीपाशी, चार-पाच जणांसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, "बघा. उस्तादाच्या हातून बिघडलं आणि शिष्य येऊन नीट करतोय, तेही फुकट. शिष्य असावा तर असा. रशीद, तू नशीबवान आहेस." चाचा मान हलवत होते. "हौ, पोरगं लई गुनाचं हाय." आणि माझ्याकडे बघत होते, गप्प बस असं डोळ्यांनी सांगत.

मला ते सहन झालं नाही. मी चांगला माणूस आहे म्हणून सहन झालं नाही असं कुणी समजू नये. शाबासकी गळ्यात अडकली होती, ती थुंकून टाकायची होती, एवढंच. मी म्हणालो, "गुरुजी, ते मशीन मी फिरवलं होतं. चाचा माजलगावलाच होते, रात्री आलेच नव्हते. त्यांनी मला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं."

गुरुजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चाचांकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढं करून चाचांच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढला, स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला, जवळ नेला, लांब नेला. मग हातातलं वर्तमानपत्र चाचांपुढं धरलं.

"वाच बघू."

"गुरुजी, जाऊ द्या की."

"वाच."

आणि सत्तरीच्या जवळ आलेल्या रशीदचाचांनी ते वर्तमानपत्र दोन्ही हातांत धरलं आणि कापसाच्या भावाची बातमी वाचली. मथळा नव्हे, खालची बारीक अक्षरं. एकदाही न अडखळता, शाळेत उभं केलेल्या पोरासारखी, खाली मान घालून. गुरुजींनी पूर्ण बातमी होऊ दिली.

"छान," ते म्हणाले. "दोन वर्षं मी रोज घसा कोरडा करत होतो, रशीद. मला वाटत होतं, मी कुणाच्या तरी उपयोगी पडतोय." त्यांनी चष्मा घडी घालून बाकड्यावर ठेवला आणि गाडीत बसले. गाडी मला दिली नाही. तशीच घेऊन गेले.

माणसं पांगली. मी चाचांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"झालास मोकळा?" ते म्हणाले. "जा आता. आईला सांग, शपथ मोडून आलो."

आईला मी सांगितलं. तिनं माझ्यापुढं जेवणाचं ताट ठेवलं आणि समोर बसली नाही.

चाचांचे डोळे शाबूत आहेत हे सोपाननं आठवड्यात तालुकाभर केलं. लोक पुन्हा गाड्या घेऊन येऊ लागले. गेल्या महिन्यात एक काळी गाडीही आली. सोपान फोनवर म्हणतो, बघ, तू खरं बोललास म्हणून चाचांचा धंदा परत आला, पुण्य लागेल तुला. कितीजण मला असं सांगतात. त्यांना काय सांगू, ज्याचं नुकसान मला भरायचं होतं त्यानं मला एकच गोष्ट राहू दे म्हणून विनवलं होतं, आणि मी नेमकी तीच मोडली. पहिल्यांदा चूक केली तेव्हा मला दिखावा करायचा होता. दुसऱ्यांदा केली तेव्हा मला हलकं व्हायचं होतं. दोन्ही वेळा घाई माझी आणि किंमत त्यांची.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले अनेकजण हे वाचतील. आपण गावाकडे जाताना काहीतरी दाखवायला नेतो, आणि चुकलो असलो तर माफी मागायला जातो. दोन्ही करून आपण परतीची गाडी पकडतो. मागे राहणाऱ्याला त्याच बाकड्यावर बसावं लागतं, हे एसटीच्या खिडकीतून दिसत नाही. मला घर कुठलं असं इथं कुणी विचारलं की मी अजून वडवणीच सांगतो. पण पूर्वी ते सांगताना आईची भाकर डोळ्यांसमोर यायची, दादांची मेंढरं यायची. आता जिथल्या माणसांना तोंड दाखवायला मला हिंमत गोळा करावी लागते, ते माझं घर. पुण्यात अशी हिंमत कुठंच लागत नाही. म्हणून पुणे घर नाही.

मी रोज संध्याकाळी सहाला चाचांना फोन करतो, गुरुजी पेपर वाचायला यायचे त्या वेळेला. पहिले पंधरा दिवस उचलला नाही, आता उचलतात. कालही बोललो. कुठल्या गाडीवर कुठला पॅड चालवला ते सांगत होते, काळ्या गाडीचा वास अजून गेला नाही म्हणाले. मध्येच थांबले. "धर जरा, भाईर गाडी थांबली," म्हणाले, आणि फोन बाकड्यावर ठेवल्याचा आवाज आला. मी पुण्यात फोन कानाला दाबून बसलो. चपला गेल्या, परत आल्या.

"न्हाई," ते म्हणाले. "दुसरीच व्हती."